झेड २८ म्हणून घेतलेली कॅमॅरो

डेट्रॉइटजवळ राहायचं आणि जुन्या गाड्यांचं वेड लागू द्यायचं नाही, हे मला तरी जमलं नाही. बरेच महिने मी १९६९ च्या दोन गाड्यांमध्ये अडकलो होतो. एक शेव्हीची, म्हणजे शेव्रोलेची, कॅमॅरो झेड २८, दुसरी फोर्डची मस्टँग बॉस ३०२. कागदावर जुळ्या बहिणी. ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिन पाच लिटरच्या आसपासच चालायचं, म्हणून दोघींना ३०२ क्युबिक इंचांचं व्ही-८, बोअर (सिलिंडरचा व्यास) ४ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३ इंच, ताकद २९० एचपी. (हा आकडा दोन्ही कंपन्यांनी हातचं राखून सांगितला, असं इथले जुने मेकॅनिक म्हणतात.) त्या वर्षी बॉस बनल्या १,६२८ आणि झेड २८ वीस हजारांवर. त्यामुळे मिळाली आणि परवडली ती कॅमॅरो. 'मूळ इंजिन, सगळे नंबर जुळतात' असं विकणारा छातीठोकपणे सांगत होता.

शेजाऱ्याकडे खरी बॉस आहे. ३००० आरपीएमच्या खाली ती कुरकुरते, ४००० नंतर अंगात आल्यासारखी सुटते. माझी मात्र सिग्नलवरून बैलजोडीसारखी ओढायची आणि ५००० ला दम टाकायची. मी खूश! एवढ्या आखूड स्ट्रोकचं इंजिन खालून असं ओढत नाही, हे सगळे आकडे तोंडपाठ असूनही डोक्यात आलं नाही. शेजाऱ्याने एक चक्कर मारली आणि हळूच विचारलं, "आत ३५० तर नाही ना?" म्हणजे ३५० क्युबिक इंचांचं, लांब स्ट्रोकचं इंजिन.

मेकॅनिकने ऑइल पॅन काढला. १९६९ च्या खऱ्या ३०२ मध्ये मधल्या तीन मेन कॅपना (क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या टोप्यांना) चार-चार बोल्ट असतात, इथे दोन-दोनच. मग त्याने उजव्या हेडच्या पुढे, इंजिन ब्लॉकवरच्या सपाट पट्टीवर टॉर्च धरला. झेड २८ च्या इंजिनाची 'डीझेड' अक्षरं होती, पण कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक समांतर रेघा गायब. पट्टी घासून अक्षरं नव्याने ठोकली होती.

फोर्डच्या व्हीआयएनमध्ये (गाडीच्या ओळख क्रमांकात) पाचवं अक्षर इंजिनचं असतं, बॉस ३०२ ला 'जी'. १९६९ च्या कॅमॅरोच्या व्हीआयएनवरून फक्त व्ही-८ आहे एवढंच कळतं, झेड २८ की साधी ते नाही. म्हणून सगळी भिस्त फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) टॅगवर, आणि तसे टॅग नवे बनवून मिळतात. माझ्या टॅगवर झेड २८ चा एक्स-७७ कोड होता. हे एक्स-कोड ओहायोतल्या नॉर्वुड कारखान्याचे. काचेतून दिसणाऱ्या माझ्या व्हीआयएनमध्ये नॉर्वुडचा 'एन' नव्हताच, लॉस एंजेलिसचा 'एल' होता. पैसे देण्याआधी दोन मिनिटं वाकून टॅग आणि व्हीआयएन दोन्ही वाचले असते, तर तिथेच कळलं असतं.

वकिलाने खरेदीचा कागद वाचला, 'ॲज इज' (आहे तशी, नंतर तक्रार नाही) या दोन शब्दांवर बोट ठेवलं आणि कागद परत दिला.

गाडी अजून माझ्याकडेच आहे. सिग्नलवर अजूनही बॉसच्या पुढे निघते, आणि शेजारी आरशात हसताना दिसतो.