'शुभेच्छुक' कोण आहेत ते बघा: दोन उमेदवारांतला फरक पैशावरून ओळखताना

जाहीरनामे शेजारी शेजारी ठेवून उमेदवार निवडता येत नाही हो, निदान ठाण्यात आणि नवी मुंबईत तरी नाही. दोघांनाही पाणी आणायचंय, दोघांनाही ट्रॅफिक सोडवायचंय, घोडबंदरच्या खड्ड्यांवर तर सगळे पक्ष एकमताने हळवे होतात. मग फरक दिसतो कुठे? माझ्या मते, प्रचाराला पैसा कोण पुरवतंय तिथे. निवडून आल्यावर कोणाचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाणार हे त्यावरून बऱ्यापैकी कळतं, आणि एका मताने काय होतंय म्हणाल तर बेलापूरला २०२४ च्या विधानसभेचा निकाल ३७७ मतांनी लागला होता, तेवढे मतदार तर एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये असतात.

पैशावरून फरक कसा दिसतो ते न्यूयॉर्कच्या २०२५ च्या महापौर निवडणुकीत एकदम स्वच्छ दिसलं. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी एकीकडे झोहरान ममदानी, म्हणजे मीरा नायर यांचा मुलगा, आणि दुसरीकडे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो. ममदानीचा मेन मुद्दा घरभाडं, सरकारी नियंत्रणाखालच्या घरांची भाडेवाढ थांबवणार म्हणून. त्याला पैसे आले ते मुख्यतः छोट्या छोट्या देणग्यांमधून, आणि तिथली स्कीम अशी की शहरातल्या रहिवाशाने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत प्रत्येक डॉलरमागे शहराच्या तिजोरीतून ८ डॉलर मिळतात, त्यामुळे गडी मार्चमध्येच खर्चाच्या मर्यादेला टेकला आणि लोकांना म्हणाला की आता पैसे पाठवू नका, प्रचाराला या. कुओमोही त्याच स्कीममध्ये होते, पण त्यांचं मोठं बळ बाहेरून, 'फिक्स द सिटी' नावाच्या सुपर पॅकचं. सुपर पॅक म्हणजे उमेदवारापासून कागदोपत्री वेगळी संस्था, म्हणून तिला कितीही मोठा चेक घेता येतो. त्यात माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांचे एकट्याचे ८३ लाख डॉलर, घरपोच जेवण पोचवणाऱ्या डोअरडॅश कंपनीचे १० लाख, शिवाय रिअल इस्टेटवाल्यांचे. भाडं गोठवणाऱ्याच्या विरोधात घरमालकांचा पैसा, यात कोडं काहीच नाही. ममदानीच्या बाजूनेही पॅक होता, पण त्याचा आकार बराच लहान.

आता आपल्याकडे. अमेरिकेत फेडरल, म्हणजे देशपातळीवरच्या निवडणुकीत २०० डॉलरच्या वर देणगी गेली की देणाऱ्याचं नाव, नोकरी, मालक कोण हे सगळं ऑनलाइन शोधता येतं. आपल्याकडे मतदानाच्या आधी उमेदवाराच्या देणगीदारांची अशी सहज शोधता येणारी यादी मिळत नाही. खर्चाचा हिशोब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो. त्यात स्वतःचे पैसे किती, पक्षाने किती दिले, बाकी लोकांकडून किती आले हे वेगवेगळं लिहावं लागतं, पण तोपर्यंत गुलाल उधळून झालेला असतो. शिवाय विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि तेवढ्यात इलेक्शन होतं यावर रिक्षावालाही विश्वास ठेवणार नाही. पण उमेदवार आधी निवडून आलेला किंवा आधी पडलेला असेल तर त्याचा मागचा हिशोब बघता येतो, तो जरूर बघा, मर्यादेच्या निम्म्यातच सगळं उरकलंय असं दाखवलं असेल आणि तुम्हाला त्याच्या रॅल्या आठवत असतील तर काय समजायचं ते समजा.

मतदानाआधी हातात येतं ते प्रतिज्ञापत्र. विधानसभा-लोकसभेला फॉर्म २६, महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाचं वेगळं. सगळे मालमत्तेचा आकडा बघतात आणि व्हॉट्सॲपवर फिरवतात, पण मला विचाराल तर देण्यांचा रकाना बघा. बँकेचं होमलोन असेल तर सोडून द्या. पण एखाद्या डेव्हलपर फर्मचं किंवा कोणा माणसाचं बिनतारणी मोठं कर्ज असेल तर आपल्याकडची देणगीदारांची यादी तिथेच लपलेली असू शकते, असतेच असं नाही. मग फॉर्म २६ मध्ये सरकारी कंत्राटांची माहिती असते, उमेदवाराची, बायकोची किंवा नवऱ्याची, भागीदारीतल्या फर्मची, ती वाचा. मायनेता या साइटवर मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्रही सापडतं, दोन्ही शेजारी ठेवा.

आणि दुसरी यादी तर रस्त्यावर टांगलेलीच असते. दहीहंडीचं, नवरात्राचं, वाढदिवसाचं बॅनर घ्या आणि वरचे फोटो सोडून खालची शुभेच्छुकांची ओळ वाचा. दोन उमेदवारांची बॅनरं शेजारी लागली असतील तर आणखी सोपं. एकाच्या खाली बिल्डर, टँकरवाले, पालिकेचे ठेकेदार. दुसऱ्याच्या खाली रिक्षा युनियन, मंडळं, गावठाणातले भूमिपुत्र. कायद्याच्या दृष्टीने याला काही अर्थ नाही, पण माझा यावर कागदापेक्षा जास्त विश्वास आहे, कारण इथे नाव लपवायचं नसतं, दिसायचं असतं.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत मात्र हे गणित नीट चालत नाही, ते कमी-जास्त करून सगळीकडे ठेवतात. इलेक्टोरल बाँड, म्हणजे पक्षांना नाव जाहीर न करता देणगी द्यायची सोय, सुप्रीम कोर्टाने १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द केले आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या, त्यात तिसऱ्या नंबरवर क्विक सप्लाय चेन, ४१० कोटी, पत्ता नवी मुंबईचा. गेले कुठे? भाजपला ३७५, शिवसेनेला २५, राष्ट्रवादीला १०. हे पक्षाला दिलेले पैसे, उमेदवाराला नाही, तरी शिकण्यासारखं आहे: अमुकने पैसे दिले का यापेक्षा कोणाला किती दिले ते बघायचं. एकच ठेकेदार दोन्ही बॅनरवर दिसला तर त्या मुद्द्यावर दोघांत फरक नाही असं धरून पुढे जा.

मग निवडायचं कसं? तुमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटमध्ये किंवा क्लस्टरमध्ये (अख्ख्या भागाच्या एकत्र पुनर्विकासात) अडकली असेल तर बिल्डरच्या जवळचा उमेदवार फाइल पटकन हलवेलही, नाही कोण म्हणतंय, पण भाडं थकलं, कार्पेट एरिया कमी निघाला आणि तुम्ही त्याच बिल्डरच्या विरोधात त्याच्याकडे गेलात तर? तिथे मी लोकांच्या छोट्या वर्गणीवर लढणाऱ्याला मत देईन, जरी त्याची ताकद कमी पडत असली तरी. गावठाणातल्या घरांचा किंवा साडेबारा टक्क्यांचा (सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मूळ मालकांना मिळणाऱ्या भूखंडांचा) प्रश्न असेल तर उलट, ज्याच्यामागे पक्षाचा फंड आणि वरपर्यंत वजन आहे त्याचा उपयोग जास्त, कारण तो निर्णय वॉर्डात होतच नाही. आणि "मी पदरचे पैसे घालतोय, मला कोणाचं देणं नाही" म्हणणारा असतो, त्याच्यापासून मी सगळ्यात जास्त सावध असतो, पदरचे गेलेले पैसे पाच वर्षांत परत आणायचे असतात ना भाऊ. त्याची दोन प्रतिज्ञापत्रं तर बघाच बघा.

दोघंही सोसायटीत हात जोडून येतीलच. गेटवर चहा द्या आणि सगळ्यांसमोर दोघांना सेम प्रश्न विचारा: साहेब, देण्यांच्या रकान्यातलं ते कर्ज कोणाचं?