गोडा मसाला घ्यावा की कांदा-लसूण?

घोडबंदर रोडला नवं घर थाटलेल्या भाचीचा परवा फोन आला. "मावशी, भाजी-आमटीला चवच येत नाही गं. जांभळी नाक्यावर उभी आहे, गोडा घेऊ की कांदा-लसूण?" फोनवर अर्धंच सांगून झालं, म्हणून इथे नीट लिहिते.

गोड्या मसाल्यात धणे, तीळ, सुकं खोबरं मुख्य; सोबत दालचिनी, लवंग, तमालपत्र, नागकेशर आणि दगडफूल. माझ्या मते सगळा जीव या दगडफुलात आहे. कच्चं हुंगलं तर मातकट लागतं, पण तेलावर भाजलं की त्याचा वास घरभर दरवळतो. मिरची यात नावापुरती, म्हणून तिखट वेगळं घालावं लागतं. कांदा-लसूण मसाला कोल्हापूर-साताऱ्याकडचा. त्यात रंगाला ब्याडगी मिरची, झणझणीतपणाला संकेश्वरी मिरची, शिवाय कांदा, लसूण, खोबरं. एका चमच्यात सगळं आलं, त्यामुळे घाईच्या दिवशी तो फार उपयोगी.

घालायची वेळ मात्र दोघांची वेगळी. गोडा मसाला कडकडीत फोडणीत टाकला तर करपून कडू होतो. डाळ घोटून आमटीला उकळी आली की अर्ध्या वाटी तूरडाळीला चहाचा एक चमचा घालायचा, सोबत तीन-चार आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. आंबट-गोड नसेल तर हा मसाला खुलतच नाही. बहुतेकांचं तिथेच चुकतं. कांदा-लसूण मात्र तेलातच परतायचा, मंद आचेवर, तेल सुटेपर्यंत. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. मटकीच्या उसळीवर लाल तवंग हवा असेल तर आधी मसाला परता, मग गरम पाणी ओता.

टिकण्याचं म्हणाल तर ठाण्याच्या पावसाळ्यात कांदा-लसणाचे गोळे होतात. एका जुलैत माझा अख्खा डबा बुरशीने गेला. आता तो काचेच्या बरणीत, फ्रिजमध्येच ठेवते. गोडा त्यामानाने बरा, पण खोबरं खवट होतंच, म्हणून दोन्ही शंभर-शंभर ग्रॅमच घ्यावेत. वाशीच्या एपीएमसी मसाला मार्केटची फेरी उन्हाळ्यात, वर्षाचा मसाला डंकावर कुटून घ्यायचा असेल तेव्हाच.

घरात कुणी चातुर्मास पाळत असेल तर प्रश्नच मिटला, गोडाच घ्या. रोज भाकरी, झुणका, वांगं होत असेल तर कांदा-लसूण. भाचीसारखं पोळी-भाजी, वरण-भाताचं घर असेल तर मी आधी गोडाच सांगेन. आमटी, भरली वांगी, मसालेभात, मुगाची उसळ, सगळ्यांना तो चालतो. कांदा-लसूण संपलाच तर ठेचलेला लसूण, भाजलेलं खोबरं आणि लाल तिखटावर वेळ निभावते. दगडफूल-नागकेशराचा वास ऐनवेळी कुठून आणणार?

भाचीने शेवटी गोडाच घेतला. आज तोंडलीभात लावणार आहे. तांदूळ परतत आले की मसाला घाल आणि लगेच आधणाचं पाणी ओत, एवढं तिला कळवलंय.