मॅक स्टुडिओ की असेम्बल केलेला टॉवर: एडिटिंगसाठी मोठी रक्कम घालण्याआधी

जानेवारी 2025 मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स 5090 या ग्राफिक्स कार्डाचा भारतातला भाव जाहीर केला, 2,14,000 रुपये. मार्चमध्ये ॲपलचा एम4 मॅक्स चिपवाला मॅक स्टुडिओ आला, सुरुवात 2,14,900 पासून. एकीकडे नुसतं ग्राफिक्स कार्ड, दुसरीकडे अख्खं मशीन, आणि दोघांत फरक नऊशे रुपयांचा. हे आकडे शेजारी ठेवले की निकाल लागल्यासारखं वाटतं, पण तसं नाही. सुरुवातीच्या भावातला स्टुडिओ आपल्या व्हिडिओ एडिटिंगच्या कामाला अपुरा पडतो आणि 5090 ची गरज बहुतेक एडिटरना नसते. खरी तुलना थोडी वर होते. चांगला 16 कोरच्या प्रोसेसरचा टॉवर, 64 जीबी रॅम आणि दमदार कार्ड एका बाजूला. 64 जीबी मेमरीचा स्टुडिओ दुसऱ्या बाजूला. तेव्हाच्या भावांत दोन्हींची बिलं तीन लाखांच्या अलीकडे-पलीकडे जात होती.

माझं काम लग्नाच्या फिल्म, दुकानांच्या आणि कारखान्यांच्या जाहिराती, अधूनमधून एखादा माहितीपट. सगळं डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर. टॉवर माझ्याकडे आधीपासून आहे, रायझन 9 7950एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स 4090 कार्ड घातलेला. स्टुडिओ नंतर घेतला. आज दोन्ही चालू आहेत, म्हणून दोघांबद्दल लिहिण्याचा थोडाफार हक्क आहे असं मानतो. मात्र स्टॉपवॉच लावून काही मोजलेलं नाही. रोज हाताखाली मशीन कसं वागतं, तेवढंच सांगतो.

आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत बसून कास्टिंगची डिझाईन करणाऱ्यांना मात्र निवडच नाही. सॉलिडवर्क्स मॅकवर चालत नाही, तुमचं बाकी सॉफ्टवेअरही बहुधा विंडोजचंच असणार. टॉवर घ्या. थ्रीडीचं आणि ब्लेंडरचं काम रोजचं असेल त्यांनाही मी हेच सुचवेन. ब्लेंडरमधल्या सायकल्स इंजिनचं रेंडर 4090 वर ज्या वेगाने निघतं, तो वेग एम4 मॅक्सकडे नाही. माझी थ्रीडीची कामं अजूनही टॉवरवरच जातात.

प्रश्न उरतो तो टाइमलाइनवर बसणाऱ्यांचा, म्हणजे नुसतं एडिटिंग करणाऱ्यांचा.

टॉवरचं मोठं सुख म्हणजे तो एकदम पूर्ण विकत घ्यावा लागत नाही. आज 32 जीबी घाला, हंगाम झाला की आणखी. एएमडीने एएम4 सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची बैठक, 2016 मध्ये आणला आणि कितीतरी वर्षं चालवला. 2022 च्या एएम5 चंही तसंच चाललंय. त्याच बोर्डावरून 7950एक्स काढायचा, बायोस अपडेट करून 9950एक्स बसवायचा, जुना प्रोसेसर विकून टाकायचा. राजारामपुरीतला माझा असेम्बल करणारा हे काम चहा गार व्हायच्या आत करतो. काही बिघडलं तर संध्याकाळपर्यंत पर्यायी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, लावून मशीन उभं राहतं. लग्नसराईत या गोष्टीची किंमत काय असते, हे ज्याच्या दारात नवरीचे वडील पेनड्राइव्ह मागायला उभे राहिलेत त्याला विचारा.

पण या सुखाचा आधार होता स्वस्त रॅमचा, आणि 2025 च्या शेवटी तो सुटला. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीकडे वळवली. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये आपल्यासारख्या ग्राहकांसाठीचा ‘क्रूशियल’ हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डीडीआर5 या आजच्या रॅमच्या किटचा भाव काही महिन्यांत दुप्पट-तिप्पट झाला. आमचा माणूस फोनवर सांगत होता, “दादा, आत्ताच उचला, पुढच्या आठवड्यात ह्यो रेट राहत नसतोय.” आणि खरंच राहिला नाही. ‘नंतर वाढवू’ या हिशेबाने टॉवर घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सोय आजही आहे, पण ती स्वस्त पडेल याची खात्री आज कुणी देणार नाही.

स्टुडिओचा हिशेब उलटा आहे. जे काय घ्यायचं ते बिल करतानाच. मेमरी चिपच्याच पॅकेजवर बसलेली, नंतर एक जीबीसुद्धा वाढत नाही. त्यातही मी घेतला तेव्हा 14 कोरच्या चिपसोबत फक्त 36 जीबी मिळत होती. 64 हवी असेल तर आधी 16 कोरची मोठी चिप घ्या, मग मेमरीचे पैसे वेगळे. मला कोर नको होते, मेमरी हवी होती, तरी दोन्हींचे पैसे द्यावे लागले. 512 जीबीच्या एसएसडीवरून 1 टीबीवर जायला वर 20,000 रुपये पडत होते. हे मला पटलेलं नाही आणि पटणारही नाही.

मेमरी अशी चिकटवण्यामागे तांत्रिक कारण आहे, ते मान्य करायला हवं. 40 कोर ग्राफिक्सच्या एम4 मॅक्सची मेमरी सेकंदाला 546 जीबीपर्यंत डेटा हलवते. आपल्या टॉवरमध्ये 6000 च्या वेगाच्या दोन डीडीआर5 पट्ट्या लावल्या तर हाच आकडा कागदावर 96 येतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच साठ्यातून घेतात, म्हणून 64 जीबीतला मोठा वाटा व्हिडिओच्या कामाला मिळू शकतो. 4090 कडे स्वतःची 24 जीबी आहे, भन्नाट वेगाची, पण ती संपली की संपली. हा वेग खाचेत बसणाऱ्या पट्टीतून मिळवणं अवघड, हे समजतं. मेमरीच्या एकेका पायरीला इतके पैसे का, हे त्यातून समजत नाही. आणि एसएसडीला तर हे कारणही लागू नाही. स्टुडिओतली एसएसडी सॉकेटात बसणारं सुटं मॉड्यूल आहे. मॅक प्रोसाठी असे संच ॲपलने स्वतः विकले, स्टुडिओसाठी विकले नाहीत.

जरा मागे गेलं की हे दुखणं जुनं असल्याचं दिसतं. 2013 चा गोल मॅक प्रो सहा वर्षं जवळपास तसाच विकला गेला, लोक नव्या हार्डवेअरची वाट बघत राहिले. 2017 मध्ये कंपनीनेच कबूल केलं की त्या रचनेने उष्णतेच्या बाबतीत आपले हात बांधले गेले. मग 2019 चा टॉवर आला, मेमरीच्या 12 खाचा, 1.5 टीबीपर्यंत रॅम, वेगळी कार्डं बसवायला आठ पीसीआय स्लॉट. हवं होतं ते सगळं, फक्त सुरुवात 5,999 डॉलरला. 2023 ला त्याच कॅबिनेटात एम2 अल्ट्रा आली तेव्हा स्लॉट राहिले, पण ग्राफिक्स कार्ड चालेना आणि मेमरी बंदिस्त झाली. भाव 6,999 डॉलर. तीच चिप स्टुडिओत 3,999 ला मिळत होती. अपग्रेड करता येणारा मॅक हवा म्हणून इतकी वर्षं थांबलेल्या माणसाच्या हाती 3,000 डॉलर जास्त देऊन रिकामे स्लॉट आले. एनव्हिडियाचंही काही वेगळं नाही. 4090 आलं 1,599 डॉलरला, 5090 आलं 1,999 ला, आणि वीज 450 वॅटवरून 575 वर.

इथे मी त्या गोष्टीकडे येतो जिच्यावर माझा निर्णय फिरला. वीज.

कोल्हापुरात लग्नसराई आणि वळीव एकाच वेळी येतात. एप्रिल-मेच्या दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, आणि लाईट जाते. पुष्कळदा जातही नाही, नुसती डोळा मिटून उघडावा तशी लुकलुकते. नंतर गगनबावड्याकडून पाऊस चढला की जून ते ऑगस्ट हाच खेळ. पंखा फिरत राहतो, ट्यूब एकदा मिचकावते, घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तासभराचं एक्स्पोर्ट चालू असलेला टॉवर तेवढ्यात बसतो.

“यूपीएस लावा की” असं कुणीही म्हणेल. लावला होता. त्याचं गणित बघा. 7950एक्स पूर्ण भारावर 230 वॅटपर्यंत घेतो, 4090 घेतं 450. झाले 680, अजून मॉनिटर, ड्राइव्ह, पंखे राहिले. बाजारात सहज मिळणारा 1100 व्हीएचा यूपीएस 660 वॅट देतो. दोन्ही नेहमीच एकदम शिखरावर नसतात, हे खरं. पण लाईट जायची वेळ मशीन निवडत नाही, आणि रेंडर चालू असतानाच ती गेली की यूपीएस शिट्टी मारून हात वर करतो.

दुसरी भानगड कमी लोकांना माहीत असते. साध्या यूपीएसमधून बॅटरीवर निघणारी वीज शुद्ध साइन वेव्ह नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. महागड्या टॉवरमध्ये आपण चांगला एसएमपीएस घालतो, त्यात ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं वीज नीट खेचणारं सर्किट असतं, आणि अशा काही एसएमपीएसना ही पायऱ्यांची वीज मानवत नाही. बॅटरीवर जाण्याच्या त्या क्षणी यूपीएस चालू, दिवा चालू, आणि मशीन रीस्टार्ट. उपाय आहे, शुद्ध साइन वेव्हचा मोठा यूपीएस, दीड-दोन केव्हीएचा. त्याचे पैसे, जागा, दर काही वर्षांनी बदलायच्या बॅटऱ्या, आणि छोट्या खोलीत त्याच्या पंख्याचा आवाज. घरच्या इन्व्हर्टरवरही मी जोडून पाहिलं, यूपीएस मोडवर ठेवून. हलक्या कामाला चाललं. पूर्ण भाराला घरातले पंखे आणि टॉवर दोघांचं ओझं त्याला झेपलं नाही.

रिझॉल्व्ह स्वतःहून सेव्ह करत राहतं, त्यामुळे केलेलं एडिट सहसा जात नाही. जातो तो वेळ, आणि त्याहून जास्त जाते ती स्वस्थता. आभाळ भरून आलं की मोठं एक्स्पोर्ट लावायचं नाही, रात्री उशिरा लावायचं, मग उठून बघायचं झालं का. काम पावसाच्या वेळापत्रकावर चालायला लागलं, आणि ते मला सहन होईना.

एम4 मॅक्सचा स्टुडिओ पूर्ण ताकदीने चालला तरी दीडशे वॅटच्या आत राहतो. त्याच 1100 व्हीएच्या साध्या यूपीएसवर स्टुडिओ, मॉनिटर आणि बाहेरचा ड्राइव्ह असं सगळं जोडलंय. लाईट गेली की यूपीएस टिकटिकतो आणि एक्स्पोर्ट चालूच राहतं. माझ्याकडे तरी बॅटरीवर जाताना तो अजून बसलेला नाही. तुमचा यूपीएस वेगळा असेल, बॅटरी जुनी असेल, तर घेण्याआधी जोडून बघा. पण मला या वळवाच्या दिवसांत आभाळाकडे न बघता काम लावता आलं, आणि तेवढ्याने टॉवरची सगळी अपग्रेडची सोय माझ्यापुरती मागे पडली.

बाकीच्या गोष्टी या निर्णयाला हातभार लावणाऱ्या. सोनी ए7 फोर किंवा एफएक्स3 वर 4:2:2 10-बिटमध्ये एच.265 (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, पण घट्ट दाबलेला व्हिडिओ) शूट करत असाल तर 40 मालिकेपर्यंतची एनव्हिडिया कार्डं ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, टाइमलाइन अडखळते, मग प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, करत बसा. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या व्हिडिओच्या सोयीला ते आधीपासून जमतं, एनव्हिडियाला 50 मालिकेत जमलं. स्टुडिओवर मी प्रॉक्सी करणं जवळपास सोडलंय. शिवाय तो हातात उचलून नेता येतो, पावणेतीन किलोच्या आसपास. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43, हे आकडे ज्यांना पाठ आहेत, त्या शाहूपुरीच्या सखल भागातल्या लोकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 2019 आणि 2021 ला आमच्या ओळखीत कॅबिनेट खांद्यावर घेऊन वरच्या मजल्यावर चढलेले आहेत.

दुरुस्तीत मात्र स्टुडिओ मागे आहे, आणि हे मी सौम्य करून सांगणार नाही. आत काही गेलं तर गल्लीतला कुणी ते खोलून चालू करणार नाही. वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला तर खर्चाचा आकडा नव्या मशीनच्या दिशेने जाऊ शकतो. ज्याच्याकडे एकच मशीन आहे आणि मुदतीची कामं आहेत, त्याने हा धोका मनात धरूनच पैसे मोजावेत. माझ्याकडे टॉवर मागे उभा आहे म्हणून मला ही निवड सोपी गेली.

तेव्हा तुमचं ऑफिस असं असेल की जिथे जनरेटर आहे, लाईट सहसा जात नाही, आणि काम थ्रीडीकडे झुकणारं आहे, तर टॉवरच बरा, फक्त रॅम आत्ताच पुरेशी घालून घ्या. नुसतं एडिटिंग आणि कलर असेल, खोली लहान असेल आणि पावसाळ्यात काम थांबवायची सोय नसेल, तर स्टुडिओकडे माझा कल आहे, आणि तो बराच आहे. मेमरीत काटकसर करू नका, ती नंतर मिळणार नाही. 64 घ्या. स्टोरेजच्या वरच्या पायऱ्यांना मात्र पैसे देऊ नका. बाहेरचं थंडरबोल्ट किंवा यूएसबीचं एनव्हीएमई एन्क्लोजर, म्हणजे वेगवान एसएसडी घालायची डबी, 4के च्या फुटेजला पुरतं, मी त्यावरच काम करतो. जीएसटी नंबर असेल तर बिल फर्मच्या नावाने घ्या, 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट दोन्हीकडे मिळतं. आणि जुना 1100 व्हीएचा यूपीएस विकू नका, फक्त त्याची बॅटरी वळवाच्या आधी, मार्चमध्येच बदलून घ्या.