नवख्याला पहिला बोर्ड गेम देण्याआधी विचारा: पत्त्यांत काय आवडतं?

‘पहिला बोर्ड गेम कोणता घेऊ?’ असं कोणी विचारलं की कटान आणि टिकेट टू राइड ही दोन नावं हमखास पुढे येतात. दोन्ही खेळ उत्तम आहेत, दोन्ही आमच्या कपाटात आहेत. पण गेल्या गणपतीपासून आमच्याकडे रविवारी संध्याकाळी कोणी ना कोणी नवीन माणूस खेळायला येतंय, आणि इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझं मत पक्कं झालं आहे. खेळ किती गाजला, त्याला कोणता पुरस्कार मिळाला, हे नंतर बघा. समोरच्या माणसाला आजवर काय खेळताना रंगत आली, ते आधी विचारा.

आपल्याकडे हे विचारणं सोपं आहे. ‘मला गेम्समधलं काही कळत नाही’ म्हणणाऱ्यानेही मे महिन्याच्या सुट्टीत पत्ते कुटलेले असतातच. मेंढीकोट आवडायचं की रमी? चॅलेंजमध्ये थापा मारायला मजा यायची की धडधडायचं? भेंड्या सुरू झाल्या की तुम्ही पुढे सरसावता की चहा टाकायला उठता? मेंढीकोटवाल्याला पडलेली पानं लक्षात ठेवण्यात आणि भिडूच्या हातात काय असेल ते ताडण्यात रस असतो. रमीवाल्याला आपला हात आपल्यापाशी शांतपणे जुळवायचा असतो. चॅलेंजवाल्याला समोरच्याचा चेहरा वाचायचा असतो. या तिघांपुढे एकच डबा उघडून तिघंही खूश होतील असं होत नाही.

माझी आई आणि मामा पक्के मेंढीकोटवाले. त्यांच्यासाठी मी ‘द क्रू’ काढला. थॉमस सिंग यांचा हा छोट्या डब्यातला खेळ २०१९चा. जर्मनीत थोड्या सरावलेल्या खेळाडूंसाठी वेगळा पुरस्कार असतो, तो याला २०२० मध्ये मिळाला. त्यामुळे नवख्याला तो सुचवताना लोक बिचकतात. पण उतारी, हात, हुकूम हे ज्याच्या अंगवळणी पडलंय त्याला यातले निम्मे नियम आधीच येत असतात. चार रंग, प्रत्येकात १ ते ९ पानं, आणि चार रॉकेटं म्हणजे कायमचा हुकूम. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा. वेगळं एवढंच की इथे सगळेच एकमेकांचे भिडू. कोणतं पान कोणाच्या हातात गेलं पाहिजे ते डावाच्या सुरुवातीला ठरतं आणि सगळ्यांनी मिळून, तोंडातून शब्द न काढता, ते जमवायचं.

मेंढीकोटात खूण करणं म्हणजे लबाडी. इथे प्रत्येकाला डावात एकदा खूण करायची मुभा आहे. आपलं एक पान उघडं ठेवायचं आणि त्यावर टोकन ठेवून सांगायचं की त्या रंगातलं हे माझं सर्वांत मोठं, सर्वांत लहान किंवा एकुलतं एक पान आहे. एका डावात पिवळी पाच आईच्या हातात यायला हवी होती. ती होती मामाकडे. त्याने ती उघडी केली आणि टोकन मधोमध ठेवलं, म्हणजे त्याच्याकडे पिवळं दुसरं काही नव्हतं. कोणीही पिवळ्याची उतारी केली असती तर पाच तिथेच पडली असती. आईकडे पिवळी आठ होती, नऊ कोणाकडे ते तिला माहीत नव्हतं. नऊ आणि दोन माझ्या हातात होती. तिने पिवळ्याची उतारी मिळेपर्यंत दोन हात घालवले, मग आठ टाकली आणि माझ्याकडे बघितलं. मामाची पाच आली, मी दोन टाकली, आणि हात आईचा झाला. मामा एवढ्या जोरात ‘शाब्बास!’ म्हणाला की शेजारच्या काकू काय झालं बघायला आल्या.

एक गोष्ट सुरुवातीला जड जाते. वर्षानुवर्षं हात करण्याची सवय लागलेल्या माणसाला मुद्दाम हात सोडून देणं पटत नाही. मामा पहिल्या एक-दोन रविवारी सगळे हात स्वतःकडे ओढत होता आणि मोहिमा (इथे प्रत्येक डाव म्हणजे एक मोहीम) फसत होत्या. पण सुरुवातीच्या मोहिमा सोप्या आहेत आणि एक डाव पाच-दहा मिनिटांत संपतो, त्यामुळे पुन्हा पिसून बसायचा कंटाळा येत नाही. एकूण ५० मोहिमा आहेत, आम्ही निम्म्याच्या पुढे आलोय. पुस्तिकेतली अंतराळाची गोष्ट इंग्रजीत आहे, ती कोणीतरी मराठीत सांगावी किंवा वगळावी, खेळाचं काही अडत नाही. तिघं ते पाच जणांत खेळता येतो. चौघांत सगळ्यात रंगतो असं आमचं मत.

रमीवाल्या माणसाचं उदाहरण म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना कोणाशी भांडायचं नसतं, कोणी घाई केलेली चालत नाही, आणि वाचायला लागेल असं काही नको असतं. त्यांच्यासाठी ‘अझूल’ अगदी चपखल बसला. मिखाएल कीसलिंग यांचा हा खेळ २०१७चा, २०१८ मध्ये त्याला जर्मनीचा वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. विषय पोर्तुगीज भिंतींवरच्या रंगीत टाइल्सचा. पणजीत फोंताईन्हासमधल्या घरांवरच्या नावांच्या पाट्या किंवा मिनेझिस ब्रागांझा संस्थेतली निळी-पांढरी भित्तिचित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना खेळाचं रूप ओळखीचं वाटेल. पाच रंग, प्रत्येकाच्या २० टाइल्स, सगळ्या एका कापडी पिशवीत. मधल्या गोल चकत्यांवर चार-चार टाइल्स मांडतात. आपल्या पाळीला एका चकतीवरच्या किंवा मधे साचलेल्यांतल्या एका रंगाच्या सगळ्या उचलायच्या, चकतीवर उरलेल्या मधे सरकवायच्या. उचललेल्या टाइल्स आपल्या पाटीवरच्या एका ओळीत भरायच्या. पाच ओळी, पहिलीत एक जागा, शेवटचीत पाच. ओळ भरली की त्यातली एक टाइल पाटीवरच आखलेल्या भिंतीवर जाते आणि गुण मिळतात. पूर्ण खेळात वाचायला एक शब्द नाही.

यात एक मेख आहे, आणि ती नवख्याला आधीच सांगावी. ओळीत न मावलेल्या टाइल्स खाली पडतात आणि गुण कापले जातात: पहिल्या दोन एकेक गुणाच्या, पुढच्या तीन दोन-दोनच्या, शेवटच्या दोन तीन-तीनच्या. एकदा मधे सहा लाल साचले. सासूबाईंच्या पाचच्या ओळीत तीन लाल आधीच होते, हव्या होत्या दोनच. उचलल्या तर चार खाली, म्हणजे सहा गुण गेले. त्यांनी बोटांवर मोजलं, त्या सहांना हात न लावता बाजूच्या चकतीवरची एकुलती एक पिवळी उचलली, आणि ते सहा लाल माझ्या दिराच्या गळ्यात पडले. भांडण नको म्हणणाऱ्या सासूबाई त्या दिवशी फार खुशीत होत्या. पण असा डाव काही जणांना लागतो. दोघांत खेळताना हे जास्त घडतं, तिघा-चौघांत कमी. मनाला लावून घेणारा पाहुणा असेल तर पहिला डाव चौघांत लावा.

वस्तू म्हणून अझूल टिकाऊ निघाला. टाइल्स जाड, हाताला गुळगुळीत, इतक्या वापरानंतरही रंग उडालेला नाही. पाटी मात्र सपाट आहे, धक्का लागला की भिंतीवरच्या टाइल्स सरकतात आणि गुण दाखवणारा ठोकळाही हलतो. आम्ही काचेच्या टेबलावर खेळायचं सोडलं, जाड चादर अंथरून खाली बसतो. तेव्हापासून मांडलेला डाव विस्कटलेला नाही.

भेंड्या, शब्दकोडी, वाक्प्रचारांची कुस्ती हे ज्यांना आवडतं त्यांच्यासाठी ‘कोडनेम्स’ला तोड नाही. व्लादा ख्वातिल यांचा २०१५चा खेळ. पाच बाय पाच असे २५ शब्द मांडायचे, दोन गट करायचे. प्रत्येक गटाच्या म्होरक्याला कोणते शब्द आपले हे ठाऊक असतं. सुरुवात करणाऱ्या गटाचे नऊ, दुसऱ्याचे आठ, सात कोणाचेच नाहीत, आणि एक असा की तो उघडला तर खेळ तिथेच हरला. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा सांगायचा, बाकीच्यांनी त्यावरून शब्द शोधायचे. डब्यातले शब्द इंग्रजी आहेत, आणि माझ्या आईच्या वयाची माणसं तिथेच बाजूला बसतात. म्हणून मी आणि पुतणीने कार्डशीट कापून मराठी शब्दांचा गठ्ठा केला: पान, हार, कळ, वर, माळ, तीर, किल्ला, पहाट, तेल असे एकाला एक अर्थ चिकटलेले शब्द. कोणता शब्द कोणाचा ते म्होरक्याला दाखवणारे डब्यातले नकाशाचे पत्ते तेच चालतात. हा गठ्ठा आमच्याकडे आता सगळ्यात जास्त वापरला जाणारा सामान आहे, आणि पाहुणे जाताना त्याचे फोटो काढून नेतात.

मराठीत तो खेळताना जे दिसतं ते इंग्रजीत दिसत नाही. काकूंनी ‘दिवाळी, तीन’ असा इशारा दिला. त्यांच्या डोक्यात होतं तेल, किल्ला आणि पहाट. पुण्यात वाढलेल्या पुतणीने तिन्ही क्षणात उचलले. बंगळुरूत वाढलेल्या भाच्याला तेल कळलं, पण अंगणात मातीचा किल्ला करतात आणि पहाटे गाण्यांचा कार्यक्रम असतो हे त्याला कधी कोणी सांगितलंच नव्हतं. मग काकूंनी डाव थांबवून त्याला सगळं सांगितलं, मावळे कसे मांडतात, अळीव कसं पेरतात, इथपर्यंत. म्हणून गट पाडताना वय आणि गाव मिसळून पाडा. लाजाळू माणसाला म्होरक्या करू नका. शोधणाऱ्यांत बसलेला असला की तोच माणूस तिसऱ्या फेरीपर्यंत खुलतो.

टिकेट टू राइडबद्दल थोडक्यात. ॲलन मून यांचा हा २००४चा खेळ खरं तर रमीचाच चुलतभाऊ. एका रंगाची पानं जमवायची आणि नकाशावर त्या रंगाचा रेल्वेमार्ग घ्यायचा. एका डब्याच्या मार्गाला एक गुण, सहा डब्यांच्या मार्गाला १५. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजारच्या काकांना अमेरिकेच्या नकाशावरची गावं परकी वाटली, पण भारताचा नकाशा काढल्यावर तेच काका उठायला तयार होईनात. तो नकाशा २०११ मध्ये जोडसंच म्हणून आला, डबे आणि पत्ते मूळ खेळातलेच वापरायचे. आवडीचं गाव नकाशावर असलं की माणूस नियम लवकर शिकतो. एक इशारा: तिकीट म्हणजे दोन गावं जोडायला सांगणारा पत्ता, आणि पूर्ण न झालेल्या तिकिटाचे गुण शेवटी वजा होतात, हे आधी बजावून सांगा.

विषयाची आवड आणि खेळण्याची आवड या मात्र दोन गोष्टी आहेत. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांच्या ‘विंगस्पॅन’मध्ये १७० पक्ष्यांचे पत्ते आहेत, एकेक चित्र डोळे भरून बघावं असं. ओळखीतले एक हाडाचे पक्षिनिरीक्षक आले. त्यांनी पत्ते तासभर वाचले, पंखांची लांबी तपासली, आणि अंडी-दाण्यांचा हिशेब सुरू झाल्यावर त्यांचं मन उडालं. पक्ष्यांशी काही देणं-घेणं नसलेली माझी पुतणी मात्र त्या हिशेबातच रमली. एका पत्त्यामुळे दुसरा सुटतो आणि त्यातून तिसरा, ही साखळी लावणं तिला भयंकर आवडतं. म्हणून पक्ष्यांचं वेड आहे एवढ्यावर विंगस्पॅन भेट देऊ नका. रकाने मांडून महिन्याचा जमाखर्च लिहिणारा माणूस शोधा.

कटान कोणासाठी? लहानपणी ‘व्यापार’ खेळताना जो मुंबई विकायला तयार व्हायचा नाही आणि तासभर घासाघीस करायचा, त्याच्यासाठी. क्लाउस टॉयबर यांच्या १९९५च्या या खेळाचा जीव सौद्यात आहे. मेंढरं देतो, वीट दे. गप्प बसणाऱ्या चौघांत तो कोमेजतो. दुसरं म्हणजे पहिल्या दोन वस्त्या कुठे मांडल्या यावर पुढचा दीड तास ठरतो. दोन फाशांवर ६ आणि ८ हे ३६ पैकी प्रत्येकी पाच वेळा येतात, २ आणि १२ एकेकदाच. हे माहीत नसलेला नवखा १२चा आकडा असलेल्या जमिनीला लागून वस्ती टाकतो, तो आकडा पडत नाही म्हणून माल मिळत नाही, आणि पुढे नुसता बघत बसतो. नियमपुस्तिकेत नवख्यांसाठी ठरवून दिलेली मांडणी आहे, पहिल्यांदा तीच लावा.

‘पॅन्डेमिक’ आम्ही क्वचित काढतो. सगळे मिळून साथीशी लढतात, नकाशावर मुंबईही आहे. पण एखादा अनुभवी माणूस सगळ्यांच्या पाळ्या स्वतःच सांगायला लागला की नवख्याला करण्यासारखं काही उरत नाही. २०२०-२१ मध्ये ज्यांनी घरचं माणूस गमावलं त्यांच्यापुढे हा डबा आणूच नये.

किमतीचं म्हणाल तर आयात केलेले मोठे डबे हजारांच्या हिशेबात जातात. पुण्या-मुंबईत बोर्ड गेम कॅफे आहेत, तिथे एक डाव खेळून मग घ्या. पावसाळ्यात पत्ते दमट होतात आणि पिसताना चिकटतात. आम्ही द क्रू आणि टिकेट टू राइडच्या पत्त्यांना प्लॅस्टिकचे कव्हर चढवले, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, तेव्हापासून त्रास नाही. मराठी गठ्ठ्यातले शब्द पेनने लिहिले होते, ते पुसट झाले, आता मार्करने पुन्हा लिहितोय.

घरात दोघंच असाल तर वरच्यापैकी अझूल घ्या, नाहीतर उवे रोझेनबर्ग यांचा ‘पॅचवर्क’ बघा. २०१४चा, फक्त दोघांसाठी. बटणं देऊन कापडाचे वेडेवाकडे तुकडे घ्यायचे आणि नऊ बाय नऊच्या पाटीवर गोधडी जुळवायची. रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक चौकोनाचे शेवटी दोन गुण जातात. आईबाबा जेवण झाल्यावर रोज एक डाव लावतात, आणि मी गेले की मला आधी कालचे गुण सांगतात.