सागवानी डब्या बनवताय? लकडगंजात तुकडे घ्या

घरीच छोट्या नक्षीच्या लाकडी डब्या बनवायला शिकून राहिलो, आणि सुरुवातीला ऑनलाइन पाइनच्या पट्ट्या मागवायचो. मऊ लाकूड, पटाशी लावली की कड चुरते, कोपरे धारदार येतच नाहीत. आता सगळा माल लकडगंजच्या टालींवरून, म्हणजे लाकडाच्या वखारींतून आणतो आणि नागपुरातल्या प्रत्येक शिकणाऱ्याला तेच सांगीन.

आपल्याकडे बल्लारशा-आलापल्लीचं सागवान येतं भाऊ, 2023 साली उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनातही नागपूरचंच सागवान लागलंय. दारं-चौकटी कापून उरलेले तुकडे टालीवर कोपऱ्यात पडलेले असतात, डबीला तेवढे भरपूर. पूर्ण माल घनफुटाच्या भावाने जातो, तुकड्यांचा मात्र अंदाजाने भाव सांगतात, तिथे घासाघीस चालते. जुन्या वाड्याच्या तुळईचा तुकडा मिळाला तर सोडू नका, वर्षानुवर्षं वाळलेला असतो, फक्त खिळे नीट तपासून घ्या, नाहीतर आऱ्याचं पातं जातं.

घेताना तुकड्याचं टोक बघा. रेषा जाडीत उभ्या दिसल्या तर तो घ्या, आडव्या कमानीसारख्या असतील तर ठेवून द्या, तो जास्त वाकतो. आठ बाय पाच इंचाच्या डबीला एकाच पट्टीतून चारही बाजू काढायच्या असतील तर अडीच फूट लांबी सलग पाहिजे, आणि तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीचं फाडून द्या असं सांगायचं. एकामागून एक कापल्या की तीन कोपऱ्यांवरून रेषा न तुटता वळतात, ते बघितलं ना की मन भरून येतं खरंच. झाकण वेगळं बनवत बसू नका, पूर्ण बंद पेटी चिकटवून मग वरून चिरून काढा, झाकण आणि डबी तंतोतंत जुळतात.

तळाला लाकडाचीच फळी असेल तर ती खाचेत सैल सोडा, तिला फेविकॉल नको. मे मधला 45 डिग्रीचा कोरडेपणा आणि जुलैची ओल, आपल्याकडे लाकूड आकसतं-फुगतं भारी, जाम बसवली की सांधा फाटतो. सागवान तेलकट असतं म्हणून चिकटवायच्या जरा आधी सांध्यावर पॉलिश पेपर फिरवा, जमलं तर थिनरने पुसा. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावाच.

तक्रार एकच. एका दुकानात सागवान म्हणून भलतंच लाकूड पुढं केलं. रंधा मारून वास घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, सागवानाचा तेलकट उग्र वास लगेच कळतो. आणि पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला माल तर घेऊच नका, घेतलाच तर महिनाभर घरात उभा करून वाळू द्या. बिजागऱ्या, छोट्या कड्या जवळच इतवारीत मिळतात, पितळीच घ्या.