बिडाचं सात खळग्यांचं अप्पेपात्र: लहान पोरांच्या खाण्यासाठी घ्यावं का?

विदर्भातल्या आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानांवर अप्पेपात्रं तीन जातीची दिसतात. पातळ अ‍ॅल्युमिनियमचं, काळ्या लेपाचं नॉनस्टिक आणि बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. घरी चूल पेटत असेल, किंवा थोडं चुलीवर थोडं गॅसवर असा कारभार असेल, आणि एक ते चार वर्षांचं पोर घरात असेल, तर सात खळग्यांचं बिडाचंच घ्या. बारा खळग्यांचं नको. त्याची कारणं पुढे येतीलच, आणि त्याचे त्रासही.

आधी हे भांडं पोरांच्या कामाचं का, ते बघू. एका खळग्यात साधारण १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा पीठ मावतं. तेवढा अप्पा दीड वर्षाच्या पोराच्या मुठीत नीट बसतो. बाहेरून जरा खरपूस असल्यामुळे हातात चुरा होत नाही, आतून मऊ असल्यामुळे चार दातांनीही चावता येतो. भाकरीचं तसं नाही. ती वरणात कुस्करून कोणीतरी भरवावी लागते, आणि या वयाच्या पोराला नेमकं भरवून घ्यायचं नसतं. जेवताना तोंड फिरवण्यामागे पुष्कळदा चव नसते, ‘मी माझ्या हातानं खाईन’ एवढंच असतं. तीच ज्वारी, तोच मूग, तेच कोहळं (लाल भोपळा) गोल होऊन ताटलीत आलं की पोर स्वतः उचलतं. ही करामत आकाराची आहे. त्यासाठी महागडी बाळ-खाऊची पाकिटं लागत नाहीत.

स्वस्त नॉनस्टिक चुलीवर टिकत नाही, हे स्पष्टच सांगतो. त्याचा लेप २६० अंशांच्या वर बिघडायला लागतो, आणि सुक्या तुऱ्हाट्यांचा (तुरीच्या काड्यांचा) जाळ लागलेलं रिकामं भांडं तिथवर लवकर पोचतं. शिवाय आपल्याकडे भांडी राखेनं आणि तारेच्या घासणीनं घासली जातात. त्यात लेपाचे पापुद्रे निघतात आणि पुढच्या घाण्यात अप्प्याला चिकटून येतात. अ‍ॅल्युमिनियमचं हलकं आणि स्वस्त, पण पातळ पत्र्यात मधला खळगा करपतो तेव्हा कडेचे कच्चे असतात. आंबवलेलं आंबट पीठही त्यात घालू नये.

बिडाच्या सात खळग्यांच्या पात्राला साधारण ७०० ते १२०० रुपये पडतात. वजन दोन किलोच्या आसपास. घेताना खळग्याच्या आत बोट फिरवून बघा. बारीक खरखर चालते, ती वापरानं गुळगुळीत होते, पण टाचणीच्या टोकाएवढी भोकं किंवा उंचवटे दिसले तर अप्पा तिथे दर वेळी अडकणार. चमच्यानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. ऑइलपेंटचा वास येत असेल तर ते पात्र खाली ठेवून द्या. झाकण बहुतेक वेळा सोबत मिळत नाही. घरातली खोलगट थाळी पुरते.

नवं पात्र आणलं की लगेच अप्पे घालायची घाई करू नका. गरम पाण्यानं आणि काथ्यानं खसखसून धुवा, मंद आचेवर ठेवून पूर्ण कोरडं करा. मग जवसाचं तेल घ्या. आपल्या भागात ते मिळतं आणि या कामाला त्याच्यासारखं दुसरं नाही, कारण हे तेल तापून वाळलं की कडक थर धरतं. कापडाच्या चिंधीनं सगळीकडे लावा आणि दुसऱ्या कोरड्या चिंधीनं जवळजवळ पुसूनच टाका. धूर निघेपर्यंत तापवा, थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा. लोक चुकतात ते इथे: तेल जास्त लावतात, थर चिकट राहतो, मग पहिल्याच घाण्यात पीठ त्याला धरतं आणि दोष पात्राला जातो. जवसाचं नसेल तर फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, चालेल, फक्त एक-दोन फेऱ्या जास्त द्या. पहिला घाणा साध्या पिठाचा करा आणि गाईला टाका.

आता पीठ. अकोला-अमरावती-यवतमाळकडे घरात ज्वारी असते, भंडारा-गोंदियाकडे तांदूळ. दोन्ही चालतात, पण वागणूक वेगळी. ज्वारीत चिकटपणा नसतो, नुसत्या ज्वारीच्या पिठाचा अप्पा पलटवताना दुभंगतो. म्हणून दोन वाट्या ज्वारीला अर्धी वाटी उडीद डाळ आणि अर्धा छोटा चमचा मेथीदाणे. ज्वारी रात्रभर भिजवा, डाळ-मेथी चार तास. वेगवेगळं वाटा, ज्वारी अगदी बारीक, कारण जाडसर कणी राहिली की पोरं ती जिभेनं बाहेर काढतात. एकत्र करून झाकून ठेवा. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना पाच-सहा तासांत पीठ फुगतं, त्यापुढे ठेवलं तर आंबट होतं आणि पोर पहिल्या घासाला तोंड वाकडं करतं. हिवाळ्यात तेच पीठ चुलीजवळ ठेवूनही चौदा-सोळा तास घेतं. तांदळाचं करायचं असेल तर दोन वाट्या तांदळाला पाऊण वाटी उडीद डाळ. तांदूळवाल्यांनी त्यात मूठभर मूग डाळही वाटून घालावी, नाहीतर अप्पा पांढराशुभ्र दिसतो पण पोटात जास्त करून भातच जातो.

आंबवायला वेळ नसेल तेव्हा सालीची मूग डाळ. एक वाटी डाळ तीन-चार तास भिजवायची, दोन चमचे तांदूळ सोबत, आल्याचा छोटा तुकडा घालून वाटायची. वाटताना पाणी जेमतेम. पीठ चमच्यातून धारेनं पडलं तर पातळ झालं, गोळ्यानं पडलं तर घट्ट. मध्येच थांबत थांबत पडलं की बरोबर. एवढ्या पिठाचे दीडेक डझन अप्पे होतात. गाजर किंवा लवकी (दुधी) किसून घालायची तर किसाचं पाणी पिळून, आणि मीठ अगदी शेवटी, पात्र तापल्यावर. मीठ आधी पडलं की लवकी पाणी सोडते, पीठ सैल होतं आणि अप्पे मधून कच्चे राहतात. अप्पे कच्चे राहिल्याची तक्रार ऐकू येते तिथे निम्म्या वेळा हेच झालेलं असतं. पिळलेलं पाणी टाकू नका, वरणात घाला.

भाजताना पात्र मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला की नाचून उडाला पाहिजे. प्रत्येक खळग्यात चार-पाच थेंब तेल. ‘बिनतेलाचे अप्पे’ हा दुकानदाराचा गोड शब्द आहे, बिडात तेल लागतंच, आणि दोन वर्षांखालच्या पोराच्या बाबतीत तेलाची काटकसर करायचं कारणही नाही. खळगा पाऊणच भरा. गॅसवर मधला खळगा सगळ्यात तापट असतो, म्हणून तो शेवटी भरा आणि आधी रिकामा करा. चुलीवर जाळ एका बाजूला झुकतो, तेव्हा दर मिनिटाला पात्र पाव वळण फिरवावं लागतं. आच मंद, वर झाकण, तीन मिनिटं. कडा स्वतःहून सुटल्या की पातळ टोकाच्या चमच्यानं पलटवा. कडा सुटल्या नसताना उकरायला गेलात तर अर्धा अप्पा चमच्यावर आणि अर्धा खळग्यात. पलटवल्यावर झाकण न ठेवता दोन मिनिटं. काडी टोचून कोरडी निघाली की झालं.

गोडात कोहळ्याचे बोंड (गोड भजी) या पात्रात सुरेख होतात, आणि कढईभर तेल वाचतं. पिकलेलं कोहळं वाफवा, पाण्यात उकडू नका. कुस्करलेला गर तव्यावर दोन मिनिटं परतून ओल काढा. एक वाटी गराला पाऊण वाटी कणीक, दोन चमचे ज्वारीचं पीठ, चिमूटभर वेलची. गर ओला राहिला की कणीक वाढत जाते आणि बोंड चिवट होतात, पोर चघळत बसतं आणि शेवटी थुंकतं. दोन वर्षांखालच्यांसाठी गूळ घालू नका, एक पिकलेलं केळं कुस्करा, गोडवा पुरतो. गुळाचे किंवा केळ्याचे बोंड लवकर काळे पडतात, आच अगदी मंद हवी.

सात खळग्यांचा खरा फायदा इथे दिसतो. आपल्या घरी तिखट भरपूर. पहिला घाणा पोराचा, बिनतिखटाचा, मीठ नावापुरतं. मग उरलेल्या पिठात हिरवी मिरची, सांभार (कोथिंबीर), लसूण घालून मोठ्यांचा. दोन वेगळे स्वयंपाक करावे लागत नाहीत. बारा खळग्यांच्या पात्रात पोरापुरता घाणा घालायचा तर निम्मे खळगे रिकामे तापतात, त्यांचा थर जळतो. शिवाय ते भरलेलं एका हातानं उचलता येत नाही.

पोराला गंमत वाटावी म्हणून फार काही लागत नाही. पीठ खळग्यात पडल्यावर वर काळ्या तिळाचे दोन डोळे आणि गाजराच्या किसाचं तोंड ठेवा. पलटवल्यावर ते आत चिकटून भाजलं जातं आणि अप्पा ताटलीत बघत बसतो. पालकाचा हिरवा, बिटाचा लाल, साधा पांढरा, असे तीन रंग एका घाण्यात निघतात. मात्र बीट फार घातलं तर अप्पा ओलसर राहतो, वाटीभर पिठाला दोन चमचे किस बस. बुडवायला घट्ट दही द्या. फल्लीदाण्याचं कूट दह्यात कालवता येतं, पण अगदी बारीक. अख्खे किंवा फुटके दाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या चार-पाच वर्षांखालच्या पोराला देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. अप्प्याला काडी टोचून ‘लॉलीपॉप’ करायची कल्पना मोबाईलवर फिरते, ती टाळा. पोर तोंडात काडी घेऊन पळतं. दोन वर्षांखालच्याला अप्पा चार तुकडे करून आणि बसवूनच.

आणि तुकडे केल्यावर आत बोट लावून बघा. बाहेरून कोमट झालेल्या अप्प्यात मधोमध वाफ असते, जीभ तिथेच पोळते.

पात्राचं सगळ्यात मोठं वैगुण्य यालाच जोडून आहे. बीड उष्णता लवकर सोडत नाही, उतरवल्यावर बराच वेळ चटका देण्याइतकं तापलेलं राहतं, आणि रंग तोच काळा, तापलेलं दिसत नाही. चूल जमिनीवर, पोर रांगतं किंवा धावतं. उतरवलेलं पात्र जमिनीवर ठेवायचंच नाही, ओट्यावर किंवा फळीवर ठेवा. कान तापतात, जाड फडकं हवं. तापलेल्यावर गार पाणी ओतलं तर तडा जातो, हातातून फरशीवर पडलं तर तुकडा उडतो. इंडक्शनवर हे चालत नाही, बूड सपाट नसतं.

आता लोहाबद्दल. बिडाच्या भांड्याचं लोह अन्नात उतरतं हे खरं, पण ते उतरतं आंबट, पातळ आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थात. तेल लावलेल्या खळग्यात पाच-सहा मिनिटं भाजलेल्या अप्प्यात त्याचा वाटा थोडाच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. तेव्हा अप्पेपात्र घेतलं म्हणून आशाताईकडून मिळणारं लोहाचं औषध बंद करू नका. १ मिली, आठवड्यातून दोनदा, ते चालूच ठेवा. मूग-ज्वारीतलं लोह अंगी लागावं यासाठी सोबत संत्र्याच्या दोन फोडी द्या, वरची साल आणि बिया काढून, किंवा अप्प्यावर लिंबू पिळा. चहा मात्र नको. चहात बुडवून अप्पा द्यायची सवय काही घरांत आहे, त्यानं लोह शोषायला अडथळा येतो. लोह वाढेल म्हणून पिठात अंबाडी किंवा चिंच घालण्याचाही मोह होतो. तसं केलं तर अप्पे काळपट, तोंडाला लोखंडाची चव, आणि मेहनतीनं धरवलेला थर गेला.

प्रमाणाचं भानही ठेवा. एक ते दोन वर्षांच्या पोराला एका जेवणाला पाऊण ते एक वाटी, २५० मिलीची, लागते. चार अप्पे म्हणजे चार वाजताचं खाणं झालं, जेवण झालं नाही. जेवण म्हणून द्यायचे तर सोबत घट्ट वरणाची वाटी हवी. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवता येतं.

वापरून झाल्यावर साबण आणि राख दोन्ही लांब ठेवा. गरम पाणी, काथ्या, लगेच विस्तवावर कोरडं, वर तेलाचं बोट. पावसाळ्यात हे एक दिवस चुकलं तरी तांबूस गंज दिसतो. घाबरायचं कारण नाही, घासून काढा आणि जवसाच्या तेलाची एक फेरी परत द्या. महिनाभर वापर नसेल तर खळग्यांत कागदाचे बोळे भरून ठेवा.