नेपाळचा भूकंप: मदत स्थानिक चर्चच्या मंडळीतून की बाहेरच्या पथकांतून?

२५ एप्रिल २०१५, शनिवार. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी, म्हणून बहुतेक चर्चची उपासनाही त्याच दिवशी. दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा अनेक मंडळ्या, म्हणजे त्या त्या चर्चचे सभासद, प्रार्थनेला जमलेल्या होत्या. काही ठिकाणी छतच अंगावर आलं.

बाहेरून आलेल्या ख्रिस्ती पथकांकडे डॉक्टर, औषधं, तंबू होते. चिरडलेल्या पायावर शस्त्रक्रिया करणं गावच्या पाळकाचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूचं, काम नव्हे. तिथे पथकच हवं.

पण धादिंग, सिंधुपाल्चोक या जिल्ह्यांच्या डोंगरवाड्यांत कोणत्या घरी म्हातारी एकटी राहते, कोणती पायवाट दरडीखाली गेली, हे स्थानिक मंडळीलाच ठाऊक असतं. शिवाय पथकं परततात. १२ मे रोजी पुन्हा ७.३ तीव्रतेचा धक्का बसला, मागोमाग पावसाळा आला; तेव्हा पत्र्याचे निवारे उभारायला गावातलेच हात लागणार होते.

मंडळीच्या बाबतीत एक धोका खरा आहे: धान्य आधी आपल्याच सभासदांना, हा मोह. तो टाळायलाच हवा. शेजारचं हिंदू, बौद्ध कुटुंब त्याच रांगेत हवं, आणि तांदळाच्या पोत्याबरोबर धर्माची पत्रकं अजिबात नकोत. हे पाळणारी मंडळी असेल, तर पहिल्या आठवड्यानंतरचं माझं दान मी तिच्याच हाती देईन.